तालमीपुरती नायिका

बाबा,

तुमची ती किरगीझ बाई परवा मोप्याला विमानातून उतरली. मोप्याच्या सड्यावर, त्या पठारावर, विमानतळ झाला हे तुम्हाला कुठून ठाऊक असणार. आपण काजूच्या दिवसांत जिथे बोंडं वेचायला जायचो त्या अंगाला आता दिव्यांचे उंच खांब आहेत आणि टॅक्सीवाल्यांची भांडणं. साखळीहून मी आणि तुमचे जावई तिला आणायला गेलो होतो. ती बाहेर आली, अंगानं चांगली भरलेली, केस पांढरे आणि आखूड, गळ्यात लाल रुमाल. तिनं मला लांबूनच ओळखलं, मिठी मारली, आणि मिठीतूनच माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. तुम्ही कुठे दिसता का ते. तुम्हाला जाऊन पंधरा-सोळा वर्षं झाली, तेव्हा मीच तिला कळवलं होतं, तरी पाहिलं. सवयीनं पाहिलं असेल, पण मला असा राग आला की तिची बॅग गाडीत ठेवताना मी जरा आपटलीच. वर 'तुमची' लिहिलं तेही मुद्दाम. माझी ती कधीच नव्हती.

तिला पहिल्यांदा पाहिलं ते आपल्या पेडण्याच्या दुकानात. मी तेव्हा बी.ए.ला होते आणि दुपारची तुमच्याकडे काज-बटणं करायला बसायचे. ती नमुन्याचा एक पातळ फ्रॉक घेऊन आली, असेच बरेच शिवून हवेत म्हणून. तिचा देश मोठ्या देशातून सुटा झाल्यावर तिथल्या नाटकगृहांचे पगार थांबले होते. हिवाळ्यात थिएटर गरम करायची सोय बंद पडली आणि गाणारी माणसं पोशाखावर कोट चढवून गायची, हे तिनं नंतर मोडक्या इंग्रजीत आणि बरंचसं हातवाऱ्यांनी सांगितलं. म्हणून ऑपेराचं रीतसर शिक्षण घेतलेली ही मुलगी इथे स्वस्तात कपडे शिवून घ्यायची आणि बिश्केकच्या बाजारात नेऊन विकायची. गिऱ्हाईक नसलं की तुम्ही कापायच्या मेजाखालून पेटी काढून जत्रेच्या नाटकातली पदं घोळवत बसायचात, तशी त्या दुपारीही काढलीत. ती दारात उभी राहून ऐकत होती. मग तिनं तीच चाल, शब्दांशिवाय, नुसत्या आकारात तुम्हाला परत म्हणून दाखवली. समोरचा सोनार बाहेर आला, कुणाला काय झालं ते बघायला. आणि तुमचे हात पेटीवर थांबले.

ते थांबलेले हात मी बघितले, बाबा. मी लहानपणापासून तुमच्यासमोर गात आले, आणि तुम्ही तोंडात टाचण्या धरून ऐकायचात, कापडावर खडूनं रेघा मारत ऐकायचात, कधी कधी गिऱ्हाइकाच्या कमरेला टेप लावलेला असताना ऐकायचात. पद संपलं की म्हणायचात, "फुडे." इतकंच. चांगलं म्हटलं तरी फुडे, वाईट म्हटलं तरी फुडे. त्या दिवशी तिला म्हणालात, "आणीक एकदा." आणि ती हसून पुन्हा गायला लागली, तुमची मान डोलायला लागली, आणि माझ्या बोटात सुई घुसली ती कुणाच्या लक्षातही आली नाही.

हरमलला तिला परवडणारी खोली मिळेना, म्हणून तुम्हीच तिला घरी आणलंत. पुढची खोली तिची झाली. आई आधी कुरकुरली, मग तिच्या ताटात दोन मासे जास्त वाढायला लागली. सकाळी पाववाला पोदेर यायचा तेव्हा ती धावत जाऊन गरम उंडे पाव घ्यायची, चहात बुडवून खायची आणि आपल्या आईविषयी बोलायची. तिची आई एका मोठ्या तळ्याकाठच्या गावात बेकरीत कामाला होती. शाळेच्या कार्यक्रमात तिला गाताना एका बाईंनी ऐकलं, त्यांनी घरी येऊन आईची मनधरणी केली, आणि तिला राजधानीत संगीताच्या वसतिगृहात घातलं. तुम्ही हे सगळं बसायचं कदेल पुढे ओढून, चहा निवला तरी न पिता ऐकायचात. 'मगे? मगे?' करत राहायचात. मी बी.ए. झाल्यावर काय करणार हे तुम्ही मला कधी विचारलं नव्हतं. मला सांगायचं होतं. मी सांगितलंही असतं.

आणि तालमी. तुम्हाला आठवत असेल ते पेटीच्या बाजूनं. मी सांगते ते दाराच्या चौकटीतून. गावच्या जत्रेचं नाटक गावातले पुरुष करायचे, तुम्ही बसवायचात, आणि नायिकेचं काम करायला बाहेरची नटी आणायचे, कधी कुडाळची, कधी बेळगावची. ती यायची ती थेट रंगीत तालमीला. तोवर महिनाभर आपल्या पडवीत तालमी चालायच्या आणि नायिका नसली तर नायकानं बोलायचं कुणाशी? म्हणून नायिका मी. पडवीत पुरुषांमध्ये उभं राहायचं नाही, आतल्या दाराच्या चौकटीत उभं राहून बोलायचं आणि गायचं. मी महिनाभर रुसायचे, रडायचे, नायकाची वाट बघायचे, त्याच्या खोट्या मरणावर टाहो फोडायचे. नायकाचं काम करणारा पोस्टमन एकदा म्हणाला होता, "मास्तरानू, हिच्या समोर काम करूक बरा गावता." मग नटी यायची आणि मी आत चहा गाळायला जायचे. ब्लाऊजसुद्धा तुम्ही माझ्याच मापाचे बेतायचात, कारण नटी आयत्या वेळी येणार, मग खांद्याला नि कमरेला काय ते मागेपुढे करायचं. वर्षानुवर्षं त्या नायिकेचं अंगही माझं होतं आणि गळाही माझाच होता, फक्त जत्रेच्या दिवशी दोन्ही दुसरीचे व्हायचे.

त्या वर्षी नाटकाच्या आदल्या दिवशी निरोप आला की नटीला सुतक पडलं, तिचा चुलता गेला. सुतकातली बाई देवळापुढे घातलेल्या माटवात कशी येणार? देवस्थानचे अध्यक्ष धोतर सावरत आपल्या पडवीत आले आणि मटकन बसले.

"मास्तरानू, आता कसा करूचा? पडदे लागले, लोकांका सांगान झाला."

आई चहा घेऊन बाहेर आली होती. ती सहसा बोलायची नाही, पण माझ्याकडे हात करून बोलली. "चेडवाक सगळा पाठ आसा. तिकाच उबी करा."

माझे कान तापले. मी चौकटीतच होते. मला आजही त्या चौकटीच्या लाकडाचा वास येतो, आणि मी मनात पहिलं वाक्य म्हणायला सुरुवातही केली होती.

"वैनी, तुमी पण काय बोलतात!" अध्यक्ष म्हणाले. "गावचा चेडू गावच्या माचयेर चडला, तर फाल्या तेका सोयरीक खंयसून येतली? नटी भायरचीच होयी."

मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत. पुढच्या खोलीच्या जनेलाकडे बघितलंत, त्या खिडकीत ती बसून केस विंचरत कालचं पद गुणगुणत होती. "ही आसा ना," तुम्ही म्हणालात. "ही भायरचीच. हिका आमच्यांतला कोण सोयरीक विचारता?"

अध्यक्षांना ते एकदम पटलं. ती कुठल्या धर्माची, कुठल्या देशाची, कुणी विचारलं नाही. बाहेरची आहे एवढं पुरे होतं. भाषा येत नाही? पदं तर ऐकून ऐकून सगळी पाठ झालेली, आणि बोलणं विंगेतून कुणीतरी बोलेल. ते कुणीतरी कोण, हेही कुणाला विचारावं लागलं नाही. त्या दुपारी तुम्ही माझ्या मापाचा ब्लाऊज उसवायला घेतलात, कारण तिचे खांदे रुंद होते. उसवलेले धागे मी वेचले. सुईत दोरा मी ओवून दिला. तुमचे डोळे तेव्हाच कमी झाले होते.

नाटक झालं. ती नऊवारी नेसून, कपाळावर चंद्रकोर लावून आली तेव्हा बायका कुजबुजल्या, "नेपाळची काय गो ही?" मग ती गायला लागली आणि कुजबूज बंद झाली. मी विंगेत पडद्याला चिकटून नायिकेची वाक्यं बोलत होते, ती ओठ हलवत होती, हात करत होती, नायकाकडे बघत होती. पोस्टमन बिचारा दोनदा तिच्याऐवजी विंगेकडे बघून बोलला. दुसऱ्या अंकातल्या मोठ्या पदाला लोकांनी वन्स मोअर दिला. माटवात शिट्ट्या, टाळ्या, कुणीतरी नोटांची माळ आणली. तुम्ही पेटीवरून तिच्याकडे बघून जे हसलात ते हसू मी त्याआधी पाहिलेलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. मला ते हवं होतं. बाकी काही नको होतं, नोटांची माळ तर मुळीच नको होती.

जत्रेनंतर ती गेली. त्या हिवाळ्यानंतर परत बाजारात कपडे विकायला बसली नाही. थिएटरनं माणसं घ्यायला सुरुवात केली होती, ती आधी समूहात गायला लागली, मग दासी, मग मैत्रीण, मग बहीण, आणि काही वर्षांनी नायिका. त्यांच्या पराक्रमी पुराणपुरुषाच्या गोष्टीवर त्यांचे स्वतःचे ऑपेरा आहेत, त्यात ती त्याची शहाणी बायको झाली, डोक्यावर मोठं पांढरं शिरस्त्राणासारखं पागोटं घालून. मॉस्कोला गेली, इस्तंबूलला गेली, सरकारनं पदक दिलं. हे सगळं मला कसं ठाऊक? मी बघत आलेय, बाबा. आधी तुम्हाला येणारी तिची पोस्टकार्डं, मग सायबर कॅफे, मग हा मोबाईल. साखळीच्या शाळेत पेपर तपासता तपासता मी तिची गाणी लावते. तिच्या भाषेतल्या बातम्या यंत्राकडून मराठीत करून घेते आणि त्या वेड्यावाकड्या मराठीत तिचं कौतुक वाचते. एकदा तिच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभर ती गायली नाही. ते वाचून मला बरं वाटलं होतं. मग ती पुन्हा उभी राहिली, आवाज जरा दाट झाला होता आणि आधीपेक्षा चांगला. तेव्हा मी दोन दिवस घरात कुणाशी धड बोलले नाही. जावईबापूंना वाटलं, शाळेत काहीतरी झालं.

सगळ्यात झोंबलं ते एका मुलाखतीत. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं, तुमचे गुरू कोण, तर तिनं वसतिगृहातल्या बाईंचं नाव घेतलं, आणि पुढे म्हणाली, 'आणि समुद्राकाठचा एक शिंपी, तो माझा हिंदुस्थानी बाप.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी फोन उशीखाली कोंबला. बाप माझा, आणि टाळ्या तिला! तुमची टेप, तुमच्या टाचण्या, तुमचा चहा, सगळं तिच्या गोष्टीत जाऊन बसलं होतं, आणि त्या गोष्टीत चौकटीतली मुलगी नव्हतीच.

गेल्या वर्षी एका कार्यक्रमाच्या शेवटी तिनं आपलं ते दुसऱ्या अंकातलं पद म्हटलं, पियानोवर. मी ऐकायला बसले ती चुका काढायलाच. उच्चार चांगले होते, ताना जराशा जड. आणि दुसऱ्या ओळीत एक लांब शब्द आहे बघा, तिथे तिनं शब्दाच्या मध्येच श्वास घेतला. मी ताठ बसले. ती माझी चूक आहे. माझा दम तिथे पुरायचा नाही, म्हणून मी चोरून श्वास घ्यायचे, आणि तुम्ही दर तालमीला पेटी थांबवून ओरडायचात, "शब्दाक मदीच कातर लावू नको!" सगळ्या पुरुषांसमोर ओरडायचात. पेटीवर हात थांबायचे ते एवढ्यासाठीच. तर ती चूक तिनं माझ्याकडून जशीच्या तशी उचलली होती, आणि बिश्केकची मखमली खुर्च्यांतली माणसं माझ्या तुटक्या श्वासाला माना डोलवत होती. बरं वाटायला हवं होतं, नाही का? मला उलट चीड आली. माझं असं म्हणण्यासारखं जे काही होतं तेही गाजलं तिच्याच तोंडून.

परवा जेवताना मी तिला विचारलंच. आमचं बोलणं इंग्रजीतच, मोडकं, पण आता मोबाईल मदत करतो. तिला ते पटकन आठवलं. म्हणाली, मास्तर कुठे गायचे, ते नुसते वाजवायचे. मी पद शिकले ते तुझ्याकडून, दारात तू उभी असायचीस ना, त्या आवाजावरून. मग म्हणाली, श्वासाचं मी त्यांना विचारलं होतं, नाटकाच्या दिवशीच. इथे घेऊ की पुढे घेऊ? ते म्हणाले, 'आसू दी.' हे दोन शब्द तिनं तुमच्यासारखे, हात झटकून म्हणून दाखवले.

मला 'कातर लावू नको', आणि तिला 'आसू दी'. त्या रात्रीपासून मी याचाच कीस पाडते आहे. पाहुणीला काय ओरडायचं, म्हणून? आयत्या वेळी गोंधळेल, म्हणून? की त्या माटवात, सगळ्या गावासमोर, माझा तो श्वास तसाच वाजावा असं तुम्हाला वाटलं? जावईबापू भला माणूस, ते हेच तिसरं म्हणतात आणि माझ्या पाठीवर थोपटतात. पण बाबा, तुम्ही तसे हळवे नव्हता. आणि असलात, तर मग मला सरळ उभी करायला काय झालं होतं? माझी सोयरीक? ती तर नंतरही सहा वर्षं आली नाही, नाटकाच्या माचीवर न चढताच. गाव नको म्हणत होतं हे मला मान्य आहे. तुम्ही एकदा तरी 'होय' म्हणून बघायला हवं होतं.

आता गावच्या पोरी नाटकात कामं करतात. अध्यक्षांचीच नात गेली दोन वर्षं नायिका आहे आणि अध्यक्ष पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसतात. या पाहुणीच्या येण्याची बातमी कळल्यावर समितीची माणसं साखळीला आली, म्हणाली, नाटकाच्या आधी तिचा सत्कार करू, मग तुम्ही दोघींनी मिळून ते पद म्हणा, मास्तरांची आठवण म्हणून. मी पाणी दिलं, लाडू दिले, आणि म्हटलं, "मी एकटी म्हणेन. तिनं तेव्हा म्हटलंय." ती माणसं एकमेकांकडे बघायला लागली. जावईबापूंनी मान खाली घातली. मी काही सारवासारव केली नाही.

काल झालं ते. सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, ती खाली उतरून बायकांमध्ये चटईवर जाऊन बसली. मी पायऱ्या चढले. पेटीवर तुमच्याच शिष्याचा मुलगा होता. त्याला म्हटलं, सूर खालचा, काळी दोन धर, आता वय झालंय. आवाज सुरुवातीला कापला. मग नाही कापला. वन्स मोअर वगैरे काही झालं नाही, लोकांनी टाळ्या वाजवल्या तेवढ्याच, बऱ्या वाजवल्या. मी वरून तिचं तोंड बघत होते. खूप हौसेनं बघत होते, की तिथे कुठे हेवा दिसतो का, थोडासा, माझ्या इतक्या वर्षांच्या बदल्यात चिमूटभर. नाही दिसला. ती तोंडभर हसत होती आणि बाजूच्या म्हातारीला ढोसून मला दाखवत होती. असली मेली चांगली आहे ती.

हे सगळं तुम्हाला सांगावं म्हणून आज शाळेला रजा टाकून लिहायला बसले. मनात होतं की शेवटी लिहावं, गाताना सारखे तुम्ही डोळ्यांपुढे होतात, तुमच्यासाठीच गायले. समितीच्या लोकांना मी तसंच सांगितलं, तिलाही तसंच सांगितलं, आणि तिनं डोळे पुसले. पण तुम्हाला काय खोटं लिहायचं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, बाबा, तुमची मला एकदाही आठवण झाली नाही.